मनोरीची खाडी आणि आमची नदी

आमच्या घरीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर मुलांस कांहीं तरी वाचून दाखविण्याची जुनी चाल आहे. हल्लींच्या दिवसांत ती कशीबशी टिकून आहे, आणि तिचें श्रेय आमच्या भाऊकाकांस दिलें पाहिजे. गेल्या पौषांत भूगोलाचें एक पुस्तक चाललें होतें. त्यांत आशियांतील लांब नद्यांची हकीकत होती. तिबेटाच्या पठारावर उगम पावून सुमारें ६,३०० किलोमीटर चालत जाऊन शांघायजवळ समुद्रास मिळणारी यांगत्से, सहा देशांच्या भूमींतून वाहणारी मेकाँग, आणि आपली २,५२५ किलोमीटरांची गंगा. प्रत्येकीची कुंडली सारखीच मांडलेली: उगम कोठें, लांबी किती, कांठीं कोण शेती करतो, पात्रांत कोण नाव चालवितो, मुखाशीं कोणतें शहर. आमची नऊ वर्षांची मुक्ता हें सारें निमूटपणें ऐकत होती. पुस्तक मिटतांच ती म्हणाली, "मग आपली नदी कोणती?"

"गोदावरी," भाऊकाका म्हणाले. त्यांस विचार करावा लागला नाहीं. रोज सकाळीं पूजेच्या संकल्पांत आपण गोदावरीच्या दक्षिण तीरीं आहों असें ते सांगत असतात, आणि त्यांचे वडीलहि सांगत असत.

"ती तर त्र्यंबकेश्वराला आहे. मी म्हणतें, आपल्या घराजवळची?"

ह्यावर कोणीच बोलेना. आम्ही बोरिवलीस राहतों. घरापासून तीनशें पावलांवर पाणी वाहतें. पण त्यास घरांत सगळे नाला म्हणतात. वहिनींनीं तेंच उत्तर दिलें. मुलीनें नकाशा काढून दाखविला. त्यांत निळी रेघ होती आणि तिच्यावर 'दहिसर नदी' असें स्वच्छ लिहिलें होतें.

वाचकहो, ह्या नाल्याशीं आमच्या घराचा जुना हिशेब आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, हें पुष्कळांस आठवत असेल. त्या वेळीं आम्ही दौलतनगरांत तळमजल्यावर राहत होतों. दुपारीं पाणी अंगणांत आलें, मग उंबरठ्यावर, आणि दिवेलागणीस देवघराची खालची फळी बुडाली. त्या फळीवर आमच्या आजोबांनीं स्वहस्तें उतरून घेतलेल्या पोथ्या होत्या. दुसऱ्या दिवशीं त्या उन्हांत घातल्या तेव्हां शाई सगळी उतरलेली आणि पानें एकमेकांस चिकटून खापरीसारखीं झालेलीं. आत्याबाई एकेक पान सोडवीत आठ दिवस बसल्या. हातीं एकहि ओळ आली नाहीं. पुढें आम्ही थोड्या उंचावर घर घेतलें. परंतु इतकें झालें तरी आम्ही आजवर त्यास नाल्याचा पूर म्हणत आलों. नदीचा पूर म्हणावें असें घरांतील एकासहि सुचलें नव्हतें.

तेव्हां ठरलें कीं, ही नदी पाहून यावयाची. पुस्तकांतल्याप्रमाणें उगमापासून मुखापर्यंत. लांब नद्यांच्या बाबतींत ह्या कामास आयुष्य पुरत नाहीं. येथें सारी लांबी सुमारें बारा किलोमीटर, म्हणजे दोन रविवारांचें काम.

पहिल्या रविवारीं आम्ही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत गेलों. तुळशी तलावाच्या खालच्या अंगास ही नदी सुरू होते. मुंबई शहरास पाणी पुरावें म्हणून इंग्रजी अमदानींत डोंगरांतील ओढा अडवून हा तलाव बांधला. काम १८७९ मध्यें पुरें झालें. आजहि तो भरतो तेव्हां त्यांत सुमारें ८०४ कोटी लिटर पाणी मावतें. शहराची रोजची भूक चारशें कोटी लिटरांच्या घरांत गेली आहे, म्हणजे सगळा तुळशी तलाव मुंबई दोन दिवसांत पिऊन टाकील. शेजारच्या कान्हेरीच्या लेण्यांत आम्ही पूर्वी अनेकदां गेलों होतों, परंतु ह्या खेपेस मूर्ति सोडून पाण्याकडेच लक्ष दिलें. जवळजवळ प्रत्येक विहाराच्या दाराशीं कातळांत कोरलेलें पाण्याचें टांकें आहे. शिलालेखांत त्यास 'पोढी' म्हटलें आहे, आणि अमक्यानें पोढी दान दिली असें तेथें कोरून ठेवलें आहे. खडकावर पडलेलें पावसाचें पाणी बारीक चरांनीं त्यांत उतरविलें आहे. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीं ह्याच डोंगरांत शेंकडों भिक्षु राहत, आणि त्यांना पाणी बाहेरून आणावें लागत नसे.

उद्यानाच्या आंत नदी नदीसारखी आहे. दगडांवरून स्वच्छ पाणी जातें, खंड्या पक्षी बसलेला असतो. फाटकाबाहेर मात्र पाहतां पाहतां तिचा रंग बदलतो. आधीं तबेल्यांचें शेण, मग वस्त्यांचें सांडपाणी, मग प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि २००५ नंतर दोन्ही कांठांस उभारलेल्या सिमेंटच्या भिंती. मंडपेश्वराच्या लेण्यापुढून पूर्वीं ही नदी वाहत असे व पुढें तिनें पात्र बदललें असें सांगतात. शंकराचें हें लेणें पोर्तुगीजांच्या काळीं ख्रिस्ती देऊळ झालें होतें. त्या सर्व उलाढाली तिनें पाहिल्या असतील. आम्ही भिंतीवरून वांकून पाहिलें तों एक उशी वाहत चालली होती. मुक्ता गप्प झाली. भाऊकाकांनीं नाकास उपरणें लावलें आणि म्हणाले, "आतां पुढच्या रविवारीं मुख पाहूं."

मुख म्हणजे मनोरीची खाडी. तेथें जाण्याचा मुहूर्त भाऊकाकांनीं पंचांगावरूनच काढला, आणि त्यांत अंधश्रद्धेचा लेशहि नव्हता. किनाऱ्यावरील लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ येते. पौर्णिमेस व अमावास्येस आमच्या किनाऱ्यावर मध्यान्हीं व मध्यरात्रीं पूर्ण भरती. तेथून रोज दोन घटका मागें. अष्टमीस सहा वाजतां. त्या रविवारीं माघांतील पंचमी होती. पांचाची पाऊणपट पावणेचार. म्हणून सकाळीं ओहोटीच्या वेळीं जावें आणि दुपारीं भरतीबरोबर परतावें असें ठरलें.

मालाडहून मार्व्यास बस जाते. रस्ता संपतो तेथें धक्का, आणि धक्क्याच्या पलीकडे, हांक मारली तर ऐकूं जाईल असें वाटावें इतक्या जवळ, मनोरी. ह्याच महानगराचें हें गांव. पण खाडीवर पूल नसल्यामुळें आगगाडीच्या रस्त्यानें यावयाचें तर उत्तरेस भाईंदरापर्यंत जाऊन उत्तनवरून वळसा घालावा लागतो. म्हणून माणसें, सायकली, दुचाक्या, भाजीच्या पाट्या, मासळीच्या टोपल्या, सर्व कांहीं तरीच्या बोटींतून जातें. आम्ही पोहोंचलों तेव्हां पाणी इतकें उतरलें होतें कीं बोट धक्क्यापासून दूर उभी होती. मधला चिखल काळाभोर, तुकतुकीत, आणि वास असा कीं आत्याबाईंनीं पदर तोंडावर घेतला तो पैलतीरास जाईपर्यंत काढला नाहीं.

मुक्तेनें नावाड्यास विचारलें, "दादा, ही नदी कां समुद्र?"

"दोन्ही," तो म्हणाला. "आतां नदी. दुपारीं समुद्र."

ह्याहून नेमकी व्याख्या आमच्या भूगोलाच्या पुस्तकांत नव्हती. ओहोटीस डोंगराकडचें पाणी उताराला लागतें. भरती आली म्हणजे समुद्र आंत घुसतो आणि दहिसर-भाईंदरच्या मिठागरांपर्यंत पाणी उलटें चालतें. कंबोडियांत तोन्ले साप नांवाची नदी आहे. मेकाँगेस पूर आला म्हणजे ती वर्षांतून एकदां उलटी वाहूं लागते, मोठें सरोवर भरतें, आणि त्यांतील मासळीवर तो सगळा देश जगतो. तें नवल पाहावयास लोक विमानानें जातात. आमच्या मनोरीस पाणी दिवसांतून दोनदां उलटतें, आणि तिकीट तरीचें.

हें उलटणें हेंच येथील कोळ्यांचें भांडवल. डोल नांवाचें जाळें असतें, लांबलचक पिशवीसारखें. तें प्रवाहाच्या तोंडीं बांधून ठेवावयाचें, आणि धांवणाऱ्या पाण्यानें आपण होऊन बोंबील व जवळा त्यांत आणून भरावयाचा. पाणी उलटण्यापूर्वीं जाळें काढलें पाहिजे. नावाडी सांगत होता कीं त्याच्या आजोबांस घड्याळ कळत नसे, पण तिथि कधीं चुकत नसे. भाऊकाकांनीं मोठ्या उत्साहानें पाऊणपटीचा हिशेब काढला. त्याला तो अर्थातच पाठ होता. दोघांची दशमी-एकादशीवरून जी चर्चा लागली ती बोट पलीकडे टेकली तरी संपेना. आमच्या घरीं पंचांग उपवासासाठीं उघडतात, ह्यांच्याकडे पोटासाठीं.

मनोरी, गोराई, उत्तन हा सर्व भूभाग मिळून जुन्या कागदांत धारावी बेट. मुंबईच्या मध्यभागींची धारावी ती निराळी. १५३४ मध्यें वसईचा मुलूख पोर्तुगीजांच्या हातीं गेला आणि दोनशें वर्षें राहिला. चिमाजी अप्पांच्या फौजांनीं १७३९ त हें धारावीचें बेट घेतलें, कारण वसईच्या खाडीची दक्षिणेकडील बाजू ह्याच्या हातांत. मग त्याच वर्षीं मे महिन्यांत वसई पडली. शाळेंत आपण वसईचा वेढा शिकतों, पण तो जेथून आवळला ती जमीन आपल्या इतक्या जवळ, एका तरीच्या अंतरावर आहे हें कोणी सांगत नाहीं.

त्या दोनशें वर्षांत ख्रिस्ती झालेले येथील जुने रहिवासी आपणांस ईस्ट इंडियन म्हणवितात. हें नांव ऐकून परदेशी वाटतें. परंतु १८८७ मध्यें व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, गोवेकर व मंगळूरकर ख्रिस्त्यांहून आपण निराळे हें दाखविण्यासाठीं त्यांनीं तें घेतलें. भाषा मराठी, आणि तीहि आपल्यापेक्षां जुनी वाटावी अशी. गांवांत शिरतांच वाटेच्या कडेला क्रूस, त्यावर झेंडूची माळ. कौलारू घरांना पडव्या. परसांत माठ-मुळ्याचे वाफे. किनाऱ्याकडे बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, दोन-दोन एकमेकांच्या जबड्यांत अडकवून, जशी आपल्याकडे दोरीवर धोतरें. शाकाहारी माणसाच्या दृष्टीसहि तें दृश्य व्यवस्थित वाटतें. वासाबद्दल आम्ही कांहीं लिहीत नाहीं.

खाडीच्या कांठानें तिवरांची झाडी आहे. मुलांनीं तिवराचें पान जिभेस लावून पाहिलें, खारट लागलें. हें झाड खारें पाणी पितें आणि मीठ पानावाटे बाहेर टाकतें. चिखलांत हवा नाहीं म्हणून त्याचीं मुळें बोटांसारखीं वर येऊन श्वास घेतात. भरतीचा जोर तिवरांत शिरून मोडतो, गाळ तेथेंच बसतो, आणि कोळंबीचीं पिलें त्या मुळांत वाढतात. हीं झाडें तोडून भराव घालण्यास मुंबई उच्च न्यायालयानें २००५ मध्यें मनाई केली. त्याच वर्षीं पाणी आमच्या देवघरांत शिरलें होतें, हें आम्हांस त्या झाडींत उभें असतां आठवलें.

ऊन वाढलें. एका घराच्या पडवींत लुगडें नेसलेली एक वृद्ध बाई लाल मिरच्या निवडीत बसली होती. उन्हाळ्यांत ह्या लोकांकडे अनेक जिनसा भाजून, कुटून जो मसाला करतात तो काळ्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून त्याचें नांवच बाटली मसाला. त्याची ही पूर्वतयारी असावी. आम्हांस पाहून ती म्हणाली, "बसा गो बाय. पाणी देऊं?"

आत्याबाई थबकल्या. त्या आमच्यांत वयानें सर्वांत वडील; त्यांच्या लहानपणीं आमच्या घरांत असलें पाणी घेतलें जात नसे, आणि तें त्या विसरलेल्या नाहींत. आम्ही सर्व त्यांच्याकडे पाहूं लागलों, जें करावयास नको होतें. त्यांनीं पदर सारखा केला, पडवीच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "द्या बाई. विहिरीचें का?"

विहिरीचेंच होतें. गोडें होतें, पण शेवटीं जिभेवर मिठाची किंचित् आठवण राहत होती. म्हातारी म्हणाली, पूर्वीं अशी नव्हती. पंपानें फार ओढलें म्हणजे खारें होतें. हें अगदीं शास्त्रशुद्ध आहे. समुद्रकांठच्या जमिनीखालीं पावसाचें गोडें पाणी हलकें म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. समुद्राच्या पातळीहून तें एक हात वर असेल तर खालीं सुमारें चाळीस हात असतें. वरचें एक हात उपसलें कीं खालून चाळीस हात खारें वर येतें. थोडें घेणाऱ्यास विहीर जन्मभर पुरते. आत्याबाईंनीं दुसरा पेला मागितला आणि दोघी मिरच्यांच्या भावावर बोलूं लागल्या.

ह्या मनोरीसच मुंबई महापालिकेनें समुद्राच्या पाण्यांतून मीठ काढून पिण्याचें पाणी करण्याची योजना आंखली आहे. प्रथम रोज २० कोटी लिटर, पुढें ४० कोटी. समुद्राच्या एका लिटरांत सुमारें ३५ ग्रॅम मीठ. तें पाणी अतिसूक्ष्म पडद्यांतून मोठ्या दाबानें रेटावयाचें, म्हणजे पलीकडे गोडें पाणी उतरतें. हजार लिटरांस तीन-चार युनिट वीज लागते, आणि अलीकडे उरतें तें दुप्पट खारट पाणी परत समुद्रांत जातें. अरबस्तानांत जेथें नदीच नाहीं तेथें हा उपाय योग्य आहे. मुंबईंतहि पाऊस लांबला म्हणजे तलाव तळ गांठतात, तेव्हां लाखों माणसांचा घसा कोरडा ठेवा असें कोण म्हणेल? आमच्या वरच्या मजल्यावरच्या नळास मे महिन्यांत पाणी चढत नाहीं, आणि त्या वेळीं आम्हीहि असल्या योजनांची वाट पाहत बसतों. परंतु पडवींत बसल्या बसल्या आम्हांस एक गोष्ट सारखी टोंचूं लागली. ह्या नदीच्या एका टोंकाला आम्हीं १८७९ त पाणी अडवून घेतलें. दुसऱ्या टोंकाला आतां समुद्र गाळून घेणार. आणि मधले बारा किलोमीटर, जेथें आकाशांतून पडलेलें गोडें पाणी आपल्या पायांनीं चालत येतें, तेथें त्यांत उशा टाकणार.

भाऊकाका म्हणाले, "आपल्या नळाला वैतरणेचें पाणी. ती उगवते त्र्यंबकच्याच डोंगरांत, गोदावरीच्या शेजारीं. म्हणजे संकल्प अगदींच खोटा नाहीं." मग थोड्या वेळानें म्हणाले, "नळाला वैतरणा, तोंडांत गोदावरी, आणि दाराशीं नाला."

परत निघतांना चार वाजत आले होते. सकाळचा चिखल कोठें गेला कळेना. पाणी धक्क्याच्या पायऱ्या चढून वर आलेलें, तिवरांच्या कमरेपर्यंत भरलेलें, आणि त्यावर ऊन असें कीं डोळे मिटावे. उत्तरेस गोराईच्या बाजूस पॅगोडाचा सोनेरी घुमट आहे. २००९ मध्यें खुला झालेली, खांबांवाचून उभी असलेली ती प्रचंड दगडी वास्तु ब्रह्मदेशांतील यांगोनच्या श्वेडगोन पॅगोडाच्या धर्तीवर बांधली आहे. नदीच्या वरच्या अंगास कान्हेरीचे भिक्षु, खालच्या अंगास हा घुमट. मधल्या आम्हां गृहस्थांनींच तेवढा घोटाळा केला.

सकाळचाच नावाडी होता. महापालिकेच्या योजनेविषयीं आम्हीं त्यास विचारलें. तो म्हणाला, "पाणी होऊं दे कीं, आम्हांलाहि पाहिजे. पण उरलेलें मीठ कुठें टाकणार तें कोणी सांगत नाहीं. मासळी काय खारवून पकडायची?" मग बोटीच्या कडेवरून हात पाण्यांत घालून म्हणाला, "आणि तुमच्याकडून जें येतें तें आधीं बंद करा. जाळ्यांत निम्मा तुमचा कचरा असतो. धुवून धुवून हात जातात."

"आमच्याकडून?" वहिनींनीं विचारलें.

"तुम्ही कुठले?"

"बोरिवलीचे."

"मग तुमच्याकडूनच," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, पण आम्ही कोणी त्याच्याकडे पाहिलें नाहीं. मुक्तेनें विचारलें, "दादा, त्यांत कधीं पोथी सांपडली का?" त्याला अर्थ समजला नाहीं. आत्याबाई पाण्याकडे पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं भाऊकाका पूजेस बसले. मुक्ता मुद्दाम देवघराच्या दाराशीं येऊन उभी राहिली. संवत्सर झालें, मास झाला, पक्ष झाला, तिथि झाली. नदीचें नांव यावयाचें तेथें ते थांबले. पळी हातांत तशीच धरलेली, पाणी टपटप ताम्हनांत पडत होतें. मग त्यांनीं गोदावरीच म्हटलें, नेहमींपेक्षां जरा हळू. पूजा आटोपल्यावर रोजचें निर्माल्य पिशवींत भरून गडी भिंतीकडे निघाला होता. त्यास त्यांनीं जिन्यांतून परत बोलाविलें आणि फुलें अंगणांतल्या तुळशीच्या मुळाशीं पुरावयास सांगितलें.